सव्वासहा ते साडेसहा

आमच्या घरातून आजवर एकच वस्तू चोरीला गेली आहे: तांब्याचा बंब. मी तेव्हा आठवीत होते. आम्ही तिघं जामनेरला एका लग्नाला दोन दिवस गेलो होतो. परत आलो तर मागच्या दाराची कडी उचकटलेली, कपाट जसंच्या तसं, आईचे दागिने डब्यात सुखरूप, आणि न्हाणीघरात बंबाच्या जागी राखेचं एक वर्तुळ. तक्रार लिहून घेणाऱ्या हवालदारांनी मान वर न करता विचारलं, "नेला तेव्हा गरम होता का?" पप्पा इतके हसले की आई त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही.

घर रिकामं आहे हे चोराला कळलं कसं, याचा शोध आईनेच लावला. धुळ्यातल्या आमच्या गल्लीत सकाळी प्रत्येक दारापुढे सडा पडायचा आणि वर चार ठिपक्यांची का होईना, रांगोळी निघायची. ते दोन दिवस आमचं अंगण कोरडं राहिलं होतं. समोरच्या अक्का असत्या तर त्यांनी आमच्या दारातही पाणी मारलं असतं. पण जावई घ्यायला आला म्हणून त्या कुणालाही न सांगता शिरपूरकडे, मुलीच्या गावी निघून गेल्या होत्या.

"कोरडं अंगण म्हणजे 'घरात कोणी नाही' अशी पाटीच," आई म्हणाली. त्यानंतर सात वर्षं तिने एकही रात्र घराबाहेर काढली नाही. सख्ख्या भावाच्या साखरपुड्याला ती पाचोऱ्याला सकाळी गेली आणि संध्याकाळी परत आली. आजीने "राहा गं एक रात्र" म्हणून हात धरला, तर म्हणाली, "बंब नवीन आहे."

"हिला घराने दत्तक घेतलंय," पप्पा लोकांना सांगायचे.

मला मात्र एक गोष्ट माहीत होती आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती. आईच्या साड्यांच्या कपाटात, दाराच्या आतल्या बाजूला, एका जुन्या कॅलेंडरचं पान चिकटवलेलं होतं. महिना केव्हाच संपला होता. पानावर समुद्र होता. आईने समुद्र पाहिलेला नव्हता. साडी काढताना ती एक क्षण त्या पानाकडे बघायची आणि दार लावून घ्यायची.

माझी बी.ए.ची शेवटची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात पप्पांच्या जिनिंग मिलच्या ऑफिसातल्या चार कुटुंबांनी दक्षिणेची सहल ठरवली. मद्रास, रामेश्वर, कन्याकुमारी, एकूण बारा दिवस. पप्पांनी न विचारता आमची तीन नावं दिली.

"तुम्ही दोघं या जाऊन," आई म्हणाली. "मी घर बघते."

"घर काय पळून जाणार आहे?"

"बंब गेलाच की."

पप्पांनी खूप समजावलं. शेजारच्यांना सांगू, नवीन कुलूप घेऊ, दागिने बँकेत ठेवू. आई भाजी निवडत ऐकत राहिली. मी कोपऱ्यात पुस्तक धरून बसले होते. मला कळत होतं की या वेळी ती आली नाही तर पुन्हा कधीच येणार नाही, आणि ते पान कपाटात तसंच पिवळं पडत जाणार. पण माझा स्वभाव असा, की मनात आलेलं तोंडापर्यंत यायला आठवडा लागायचा.

उपाय जळगावहून आला. पप्पांच्या मावसभावाचं तिथे टीव्ही-रेडिओचं दुकान होतं. कुणा सराफाने त्यांच्याकडे दुकानासाठी कॅमेरे मागवले आणि मग विचार बदलला होता. माल पडून होता. काकांनी निरोप पाठवला, "वहिनींना घेऊन या. एक कॅमेरा पंधरा दिवस नुसता वापरून बघा. नाही आवडला तर परत."

आई यायला तयार झाली, कारण जळगावहून संध्याकाळी परत येता येत होतं.

काकांनी काउंटरवर तीन कॅमेरे ओळीने मांडले. एक मान हलवणारा, डावीकडून उजवीकडे आणि परत. तो बँकेसाठी होता. एक साधा, डब्यासारखा. आणि तिसरा दिसायला सगळ्यांत दिमाखदार, त्यावर लाल दिवा लुकलुकत होता.

"हा मस्त आहे," पप्पा म्हणाले.

"हा पोकळ आहे भाऊ," काका म्हणाले. "आत फक्त दिवा आणि सेल. चोर बघतो आणि पळतो."

"मग हाच घेऊ! वायरिंगची भानगडच नाही."

"चोर फसेल," आई म्हणाली, "पण मला माहीत असेल ना, तो रिकामा आहे ते. मी तिकडे मद्रासला बसून काय विचार करू? खरा द्या."

'मद्रासला बसून' हे शब्द ऐकून पप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी पप्पांकडे.  बोललो असतो तर तिने ते परत घेतले असते.

काकांनी मधल्या कॅमेऱ्याचं इंग्रजी माहितीपत्रक माझ्यापुढे सरकवलं. "तू इंग्लिश मीडियमची ना? वाच आणि सांग सगळ्यांना."

माझ्या आयुष्यात हे वाक्य वारंवार आलं आहे. औषधाची बाटली, विम्याचा फॉर्म, मिक्सरचं पुस्तक, काहीही आलं की ते माझ्यापुढे सरकायचं. मला इंग्रजी शब्द वाचता यायचे, पण बारीक अक्षरांत तीन भाषांमध्ये छापलेलं ते पत्रक मला अजिबात कळलं नाही. लक्स म्हणून काहीतरी होतं, रेषांचा काहीतरी आकडा होता. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"उजेड लागतो," मी म्हणाले.

"बस? एवढं मोठं पान आणि एवढंच?" पप्पा म्हणाले.

"बरोबर आहे तिचं," काका म्हणाले. "अंधारात याला काही दिसत नाही. आणि चित्र टीव्हीवर येतं, काळं-पांढरं. तुमच्याकडे व्हीसीआर आहे ना? त्याला जोडायचं म्हणजे कॅसेटवर भरून राहील. कॅसेट तीन तासांची."

"तीन तास? आम्ही बारा दिवस जातोय."

काकांनी डोकं खाजवलं. हिशेब मीच केला, मनातल्या मनात, कारण पाढे तरी मला बरे यायचे. तीन तास म्हणजे एकशेऐंशी मिनिटं. बारा दिवसांत वाटली तर रोज पंधरा. व्हीसीआरला टायमर होता. रोज ठरलेल्या वेळी पंधरा मिनिटं भरून आपोआप बंद होईल. मी हे एका दमात सांगितलं.

आता प्रश्न एवढाच उरला, की दिवसाची कोणती पंधरा मिनिटं?

परतीच्या एस.टी.त अख्खा रस्ता यावर चर्चा झाली. पप्पांचं म्हणणं, चोर येईल तीच वेळ लावायला हवी. पण चोराची वेळ कुणाला माहीत? आणि रात्री तर कॅमेरा आंधळा. पुढच्या बाकावरचे एक पागोटेवाले आबा मागे वळून म्हणाले, "दुपारनी येळ लावा. उनमा बठ्ठा झोपेल ऱ्हातस." त्यांच्या शेजाऱ्याचं मत पडलं, "दुपारी चोरही झोपतो हो." पारोळा येईपर्यंत निम्मी एस.टी. आमच्या घराच्या बंदोबस्ताला लागली होती. मी खिडकीबाहेर तोंड करून बसले. आमच्या घराची गोष्ट एवढ्या लोकांना कळली याचीच मला लाज वाटत होती.

शेवटी आईने निकाल दिला. "सकाळी सव्वासहा ते साडेसहा."

"सकाळी कोण चोर येतो?"

"चोराला काय बघायचंय? तेव्हा अक्का सडा घालतात. सडा पडला की नाही एवढं मला बघायचंय. सडा पडला म्हणजे घर आहे."

पप्पा म्हणाले, "म्हणजे चोर पकडायचा कॅमेरा आणून आपण अक्कांवर लावणार?"

"हो," आई म्हणाली.

निघायच्या आदल्या दिवशी काकांचा माणूस येऊन ओसरीच्या भिंतीवर लोखंडी पट्टी ठोकून कॅमेरा बसवून गेला. वायर खिडकीच्या गजांतून आत, व्हीसीआरपर्यंत. मी टायमर लावला. अक्का बघायला आल्या. साठीच्या होत्या. उंच, काटक, सुपारी कातरता कातरता बोलायच्या. त्या अहिराणीतच बोलायच्या आणि मी शाळेतल्या मराठीत. त्यांचं मला अर्धं कळायचं आणि उरलेल्याला मी मान डोलवायचे.

आईने त्यांना सड्याचं सांगितलं. अक्का म्हणाल्या, "सांगानं काय त्यामा? करसू ना मी." मग त्यांनी बोटाने कॅमेरा दाखवला आणि मला विचारलं, "हाई काय शे व माय?"

"कॅमेरा आहे अक्का. तुम्ही सकाळी इथे आलात ना, की आईला दिसेल सगळं."

"तिले दखास?"

"हो."

"तठेन? इतला लांबथून?"

मी मान डोलवली.

आता सांगते. 'दखास' म्हणजे 'दिसतं', आणि 'दिसेल' असं म्हणायचं तर अहिराणीत 'दखाई'. अक्का विचारत होत्या, तिला तिकडे दिसतं का? मला वाटलं, त्या विचारताहेत, तिला दिसेल ना? माझ्या एका 'हो'मुळे अक्का अशी समजूत करून घरी गेल्या, की आई मद्रासला बसून रोज सकाळी आपल्याला बघणार. त्यात त्यांना नवल वाटण्यासारखंही काही नव्हतं. परदेशात चालू असलेली क्रिकेटची मॅच त्या आमच्याच टीव्हीवर त्याच वेळी बघायच्या. मग धुळ्याचं अंगण मद्रासला दिसायला काय हरकत?

आम्ही निघालो. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी पोचली तेवढ्यात आई किंचाळली, "मेन स्विच बंद केला का हो?"

"केला असता तर कॅमेरा कशावर चालला असता?"

"हो, ते आहेच," ती म्हणाली आणि तरीही चाळीसगावपर्यंत मागे बघत राहिली.

चौथ्या दिवशी सकाळी, मद्रासच्या धर्मशाळेत, जाग आली तर आई पिशवी भरून व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती. आंघोळ झालेली, केस विंचरलेले. आदल्या दिवशी पोचायला उशीर झाला होता. समुद्रावर आम्ही त्या सकाळी जाणार होतो.

"मी परत जाते," ती म्हणाली. "मला गाडीत बसवून द्या. तुम्ही दोघं पुढे जा."

"का?"

"अक्का निघून गेल्या असतील. मला आतून वाटतंय. जावई येतो, त्या पिशवी उचलतात. मागच्या वेळी तेच झालं."

पप्पा खाली चहा आणायला गेले होते. पप्पा असते तर मी तोंड उघडलंच नसतं. मी घड्याळ बघितलं. सव्वासहाला दोन मिनिटं होती. मी तिच्या शेजारी बसले.

"आता व्हीसीआर सुरू होईल," मी म्हणाले. "खट्ट आवाज येईल. झाला. आता अंगण दिसतंय. अक्कांचं फाटक वाजलं."

आई माझ्याकडे बघायला लागली.

"बादली घेऊन आल्या. डाव्या हातात बादली, उजव्या हातात तांब्या. आपल्या जास्वंदीला आधी थोडं पाणी. आता सडा. फाटकापासून सुरुवात केली."

"पायरीजवळ टाकतात का? तिथे नेहमी विसरतात."

"विसरल्या. परत आल्या. टाकलं."

"साडी कोणती नेसल्यात?" आईने विचारलं. ती माझी परीक्षाच घेत होती.

"विटकरी. रोजची."

"हं," आई म्हणाली.

मी साडेसहापर्यंत बोलत होते. रांगोळी काढली, पेपरवाला आला, त्याने पेपर टाकला, अक्का त्याला ओरडल्या की घरचे गावाला गेलेत, पेपर बंद सांगितलाय ना, तो म्हणाला विसरलो. एवढं सलग मी आईशी कधी बोलले नव्हते, आणि त्यातलं एक अक्षर मला माहीत नव्हतं. पप्पा तीन ग्लास घेऊन आले तेव्हा आई हसत होती. तिने पिशवी बाकाखाली सरकवली.

तासाभराने ती समुद्रापुढे उभी होती. आधी चपला हातात घेऊन, मग चपला वाळूत टाकून, मग साडी पोटरीपर्यंत वर धरून. पहिली लाट आली तशी ती ओरडली, "अगं बाई! हा तर सारखा येतोच आहे!" पप्पांनी तिला असं आनंदाने ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. ते वाळूतच बसले. आम्हाला निघायला दुपार झाली, कारण आई पाण्यातून बाहेर येईना.

त्यानंतर रोज सकाळी, आम्ही कुठेही असलो तरी, सव्वासहाला ती विचारायची, "काय दिसतंय गं?" आणि मी सांगायचे. रामेश्वरला, कन्याकुमारीला, चालत्या गाडीत वरच्या बर्थवरून वाकून.

बाराव्या दिवशी घरी आलो. अंगण ओलं, वर रांगोळी. कुलूप जागेवर. बंब जागेवर. व्हीसीआरच्या घड्याळात मात्र बारा वाजून ते लुकलुकत होतं. मधे लाईट गेली होती आणि टायमर पुसला गेला होता. कॅसेटवर काही आहे की नाही कळेना. मी ती मागे फिरवली. तेवढ्यात अक्का आल्याच, बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, डबा घेऊन.

टीव्हीवर अंगण उमटलं. करडं, थोडं वाकडं. अक्का बादली घेऊन आल्या आणि सडा घालून झाल्यावर थेट कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या. तोंड वर करून बोलू लागल्या. आवाज अर्थातच नव्हता. कॅमेऱ्याला कान नव्हते. अक्का मिनिटभर बोलल्या, उत्तराची वाट बघितली आणि गेल्या.

"अक्का, हे काय?" आईने विचारलं.

"काय म्हंजे? तुले सांगं ना मी, तुळसले पानी घालं म्हनीसन."

दुसऱ्या दिवशी अक्कांनी नवी साडी नेसली होती. तिसऱ्या दिवशी केसांना तेल आणि वेणीत मोगरा. बादलीतलं पाणीही त्या जरा हात लांबवून, ऐटीत टाकत होत्या. पप्पांनी तोंडावर रुमाल धरला.

चौथा दिवस आला. अक्कांच्या मागून जावई फाटकातून आत आले, हातात पिशवी. अक्कांनी त्यांना काहीतरी सांगितलं आणि कॅमेऱ्याकडे बोट केलं. जावयांनी दचकून वर बघितलं, डोक्यावरची टोपी नीट केली, आणि कॅमेऱ्याला वाकून नमस्कार केला. मग पिशवी घेऊन ते आल्या वाटेने परत गेले.

"हे काय झालं?" आई पुढे सरकून बसली.

"जावाई लेवाले उना. नातूना जावळ होतात. मी सांगं, मी नही येत. बाई तठेन पाही राहिनी, तिले काय वाटी? बारा दिन थांबा. थांबनात ना मग. आते परवा शेतस जावळ."

 आई माझ्याकडे वळून म्हणाली, "तू तर विटकरी साडी म्हणाली होतीस."

चूक माझी होती आणि ती माझ्याच तोंडून यायला हवी होती. मी सांगितलं. की आईला तेव्हा काहीच दिसत नव्हतं. की हे सगळं आज पहिल्यांदा दिसतंय. की अक्का 'दखास' म्हणाल्या आणि मी भलतंच समजून 'हो' म्हणाले.

अक्कांचा अडकित्ता थांबला. "म्हंजे तवय तू पाही नही राहिंती?"

"नाही हो अक्का."

"आनि मी नवं लुगडं नेसीसन सडा घालं!" त्या क्षणभर फुगून बसल्या. मग त्यांना स्वतःचंच हसू आलं, आणि हसताना सुपारीचा ठसका लागला, आणि आईने पाठ चोळताना तीही हसायला लागली. "बरं व्हयनं माय," अक्का मला म्हणाल्या. "नही तं मी जाई लागंती गावले."

मग आम्ही कॅसेट पहिल्यापासून लावली आणि अक्का टीव्हीशेजारी बसून स्वतःच्या तोंडी स्वतःचा आवाज भरू लागल्या. पाचव्या दिवशी मांजर व्यालं. सहाव्या दिवशी गल्लीतल्या चार बायका ओळीने उभ्या, आईला आपापल्या वाळवणाची हकिगत सांगताहेत. सातव्या दिवशी अक्कांनी बिबड्यांचं ताट वर उचलून कॅमेऱ्याला इतकं जवळ धरलं, की पडद्यावर दुसरं काही उरलंच नाही, फक्त एक मोठा खरबरीत बिबडा. "तुना वाटाना शेत म्हनीसन दखाडात," अक्का म्हणाल्या; आईच्या वाट्याचे बिबडे त्यांनी आधीच दाखवून ठेवले होते. प्रत्येक ठिकाणी पडद्यातल्या अक्का बोलून थांबायच्या, आणि तेवढ्या जागेत आई आता उत्तर देत होती. "किती पिल्लं?" "ज्वारी कुठली घेतली?" आणि समोर बसलेल्या अक्का सांगत होत्या.

नवव्या दिवसानंतर पडद्यावर नुसत्या मुंग्या आल्या. उरलेले तीन दिवस अक्कांनी तोंडी भरून दिले. ते संपल्यावर म्हणाल्या, "आते तू सांग. समुंदर कशा शे?"

 "सारखा येतोच," आई म्हणाली. "दमतच नाही."

कॅमेरा आम्ही परत केला. काकांनी विचारलं, "आवडला नाही का?" आई म्हणाली, "चांगला आहे. पण अक्का असल्या तरच त्यात काही दिसतं." पट्टी तेवढी भिंतीत राहिली. ती काढायला गेलं तर गिलावा पडला असता.

पुढच्या उन्हाळ्यात आई पुन्हा समुद्र बघायला गेली. या वेळी कोकणात, आठ दिवस, पप्पांबरोबर. आणि सोबत अक्का, नवं लुगडं नेसून. मला शाळेत नोकरी लागली होती आणि पेपर तपासायचे होते म्हणून मी राहिले. सव्वासहाला मी दोन्ही अंगणांत सडा घालायचे. पायरीजवळ मीही विसरायचे आणि परत यायचे. मग गल्लीत कुणी नाही असं बघून मी ओसरीवरच्या त्या रिकाम्या पट्टीपुढे उभी राहायचे आणि हळूच सांगायचे की जास्वंदीला सात फुलं आली आहेत, मांजर परत व्यायलं आहे, आणि बंब जागेवर आहे.